सांगली-सातारा भागातील अल्पपरिचित चित्रपट-मालिका कलावंतांची कारकीर्द कशी नोंदवावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्या वाचनालयाने येत्या रंगभूमी दिनी, म्हणजे 5 नोव्हेंबरला, एक स्मरणिका काढण्याचे ठरवले आहे. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून चित्रपटांत आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकांत गेलेले कलावंत हा तिचा विषय आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून सांगलीचे नाव नाटकाशी जोडले गेले आहे आणि त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. पडद्याकडे वळलेल्यांबद्दल मात्र आपल्याकडे चार मोठ्या नावांपलीकडे फारसे बोलले जात नाही. साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू, सातारा जिल्ह्यातीलच सयाजी शिंदे, सांगलीच्या सई ताम्हणकर यांच्याविषयी हवा तेवढा मजकूर उपलब्ध आहे. त्यामुळे ज्यांचा चेहरा प्रेक्षकाला आठवतो पण नाव ओठांवर येत नाही, अशा कलावंतांसाठी स्मरणिकेची बहुतेक पाने ठेवावीत असे आम्ही ठरवले आणि अडचण नेमकी तिथेच आली.

एक उदाहरण देते. तासगाव तालुक्यातील एक गृहस्थ साखर कारखान्यात टाइमकीपर होते. साधारण 1970 ते 1985 या काळात कोल्हापुरात तयार होणाऱ्या ग्रामीण चित्रपटांत ते रजा टाकून कामे करीत. आता ते हयात नाहीत. घरच्यांनी त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्यासमोर मोठ्या विश्वासाने उघडली. तिच्यात काही छायाचित्रे, पोस्टकार्डे आणि एक खिशात मावेल एवढी डायरी आहे. डायरीतील एक नोंद अशी: “कोल्हापूर. पाटलाचा भाऊ. दोन दिवस. 60 रुपये. मुक्काम स्टुडिओत. एसटी आपली.” वर्ष आहे, चित्रपटाचे नाव नाही. घरातील मंडळी चाळीस चित्रपट सांगतात. आम्हाला श्रेयनामावलीत त्यांचे नाव आतापर्यंत केवळ सहा ठिकाणी सापडले आहे. एका छायाचित्रात ते नायकाशेजारी उभे आहेत आणि पुढे धरलेल्या पाटीवर चित्रपटाचे नावही वाचता येते, परंतु त्या नावाचा चित्रपट प्रदर्शित झाल्याचे कुठेच दिसत नाही.

दुसऱ्या एका ज्येष्ठ भगिनी मिरजेला राहतात. हौशी नाट्यस्पर्धांपासून सुरुवात करून त्यांनी चित्रपटांत आणि अलीकडे मालिकांत आई, आत्या, शेजारीण अशा भूमिका केल्या. त्या स्वतः सगळे सांगू शकतात, पण कागद म्हणून त्यांच्याकडे फार थोडे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. “आपल्या जिल्ह्यातील कलावंत” कोणाला म्हणावे: जन्म इथला असलेल्याला, इथे राहून काम केलेल्याला, की इथे चित्रीकरणाला आलेल्यालाही? घरच्यांचे म्हणणे आणि उपलब्ध पुरावा यांत एवढे अंतर असेल तेव्हा नेमके काय छापावे? आणि ज्यांचा उल्लेख राहून गेला तर आपल्याला वाईट वाटेल, अशी नावे कोणती?

माहुलीकर (सातारा)

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की जन्मगावाची अट फार ताणू नये, पण ती पुसूनही टाकू नये. प्रत्येक नोंदीत जन्म कुठला, राहणे कुठले आणि काम कुठे झाले हे वेगवेगळे लिहावे. राजा गोसावी यांचा जन्म खटाव तालुक्यातील सिद्धेश्वर कुरोलीचा, 1925 चा. त्यांना अल्पपरिचित म्हणताना माझ्या पिढीला संकोच वाटेल, परंतु आजच्या विशीतील मुलांना त्यांचे नाव विचारून पाहा. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये पडेल ते काम करत ते चित्रपटात शिरले. ‘लाखाची गोष्ट’ 1952 मध्ये पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात चालू असताना त्याच चित्रपटाचे नायक असलेले राजाभाऊ तिथे तिकीटविक्रीच्या खिडकीत बसत असत, ही आठवण चित्रपटसृष्टीत अनेकांनी सांगितलेली आहे. नायकाची भूमिका मिळाली तरी घर चालवायला नोकरी लागे, हे त्या काळाचे वास्तव त्या एका गोष्टीत जेवढे दिसते तेवढे चित्रपटांच्या लांबलचक यादीत दिसत नाही. म्हणून आपल्या टाइमकीपर गृहस्थांची साखर कारखान्यातील नोकरी नोंदीत ठळकपणे यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. त्या नोकरीतील रजेवरच त्यांची सारी कारकीर्द उभी राहिली होती.

साताऱ्याकडची दुसरी नोंद मी कराडच्या कमल ठोके यांची सुचवेन. ‘लागिरं झालं जी’ ही मालिका 2017 मध्ये सुरू झाली आणि 2019 पर्यंत चालली. त्यातील नायकाची आजी, म्हणजे जिजी, ही त्यांची भूमिका घरोघर पोहोचली. त्या पेशाने शिक्षिका होत्या आणि मालिकेआधीही त्यांनी चित्रपटांत कामे केली होती, परंतु वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली ती जिजी म्हणूनच. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही बातम्यांच्या मथळ्यांत जिजी हेच नाव होते. शाळेत उभी हयात काढलेल्या बाईंच्या आवाजातील ती जरब आणि माया कुठून आली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेता आले तर स्मरणिकेला मोल येईल.

त्या मालिकेमुळे साताऱ्यात आणखी एक बदल झाला. निर्मात्या श्वेता शिंदे साताऱ्याच्या, लेखक तेजपाल वाघ वाईचे आणि भाषा इथल्या माणसांच्या तोंडची, त्यामुळे मुंबईला न जाता मालिकेत काम करता येते हे इथल्या मुलांना प्रथमच समोर दिसले. त्याच मालिकेत जयडी साकारणाऱ्या किरण ढाणे यांना पुढे ‘पळशीची पीटी’ या चित्रपटात धावपटू मुलीची मध्यवर्ती भूमिका मिळाली. ही वाट दहा-पंधरा वर्षांपूर्वी नव्हती.

आता चित्रीकरणाच्या निमित्ताने आलेल्यांविषयी. ‘मृत्युदंड’ (1997) आणि ‘गंगाजल’ (2003) या चित्रपटांत वाई परिसर बिहार म्हणून दाखवला गेला आणि ‘स्वदेस’ (2004) मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेकडचे गाव झाला. पडद्यावरच्या त्या गर्दीत वाई, मेणवली, पसरणी इथली माणसे बिहारी गावकरी होऊन उभी आहेत. त्यांना कलावंत म्हणावे का, यावर वाद होईल. माझ्या मते त्यांच्या वैयक्तिक नोंदी करू नयेत, परंतु वाईवर एक स्वतंत्र टिपण जरूर असावे. कारण गर्दीतून पुढे येऊन व्यवस्थापनात, वेशभूषेत, प्रकाशयोजनेत टिकून राहिलेली माणसे तिथे भेटतात आणि त्यांच्याकडे कोणी विचारायला गेलेले नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मी ठाम आहे. आशालता वाबगावकर मूळच्या गोव्याच्या. ‘मत्स्यगंधा’ नाटकातील त्यांची पदे आजही गायली जातात. सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्याजवळ मालिकेचे चित्रीकरण चालू असताना त्यांना करोनाची लागण झाली आणि साताऱ्यातच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या 79 वर्षांच्या होत्या. त्यांना साताऱ्याच्या कलावंत म्हणता येणार नाही. पण त्या वयातही चित्रीकरणाच्या वेळा पाळत परगावी मुक्काम करणारी अभिनेत्री आपल्या जिल्ह्यात काम करता करता गेली, याची नोंद आपल्या स्मरणिकेत नसेल तर मला ती अपुरी वाटेल.

मिरज जंक्शन (मिरज)

मी चित्रपट आणि मालिकांच्या निर्मिती व्यवस्थापनात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून सहा आणि चाळीस या आकड्यांतील अंतराबद्दल लिहितो. ते अंतर पाहून घरच्यांवर अविश्वास दाखवू नये. जुन्या ग्रामीण चित्रपटांत श्रेयनामावली सुरुवातीला येई, तिच्यात कलाकारांच्या दोन-तीन पाट्या असत आणि शेवटी “आणि इतर” असे लिहून विषय संपे. पाटलाचा भाऊ, फौजदाराचा हवालदार, पंचायतीतील बोलका म्हातारा हे सगळे त्या “इतर” मध्ये जात. पुढे हेच चित्रपट व्हीसीडीवर आले, वाहिन्यांवर दाखवले गेले, इंटरनेटवर चढवले गेले, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी सुरुवातीची नावेच कित्येकदा कापली गेली. म्हणजे मूळ प्रतीत ज्यांचे नाव होते तेही आज आपल्याला दिसत नाही.

पाटीवर दिसणाऱ्या नावाचा खुलासाही बहुधा साधा आहे. चित्रीकरणाच्या वेळी चित्रपटाला एक नाव असते आणि प्रदर्शनाच्या वेळी दुसरे. कधी वितरक नाव बदलायला लावतो, कधी तेच नाव दुसऱ्याने आधी नोंदवलेले असते. काही चित्रपट पैशाअभावी अर्ध्यातच थांबतात आणि त्यांतील कलावंताची मेहनत कुठल्याच यादीत शिरत नाही. छायाचित्रातील नायक कोण, नायिका कोण, कॅमेऱ्याजवळ उभे असलेले दिग्दर्शक कोण हे आधी ओळखा. त्या तिघांनी त्या एक-दोन वर्षांत एकत्र केलेला चित्रपट शोधलात तर बदललेले नाव सापडण्याची चांगली शक्यता आहे.

कागद कुठे शोधावेत याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच काम निघेल. पूर्वी चित्रपटगृहात गाण्यांच्या पुस्तिका विकल्या जात. त्यांत कथासार, गाणी आणि कलाकारांची नावे असत आणि ती यादी पडद्यावरच्या यादीपेक्षा अनेकदा मोठी असे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 ची. तिथे चित्रपटांबरोबर अशा पुस्तिका, भित्तिपत्रके आणि छायाचित्रेही जतन केलेली आहेत. आपल्याकडे जुन्या रद्दीवाल्यांकडे आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या मालकांच्या घरीही त्या निघतात. चित्रपटाच्या आरंभी दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र नेहमी थांबवून वाचावे. त्यावर नाव, भाषा, रिळांची संख्या किंवा लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक आणि अर्जदार निर्मात्याचे नाव असते. कलाकार त्यातून कळत नाहीत, पण वर्ष पक्के होते, आणि डायरीतील वर्षाशी ते जुळले की पुढचा तपास सोपा होतो.

डायरीतील 60 रुपयांची नोंद मला फार मोलाची वाटते. छोट्या भूमिकेचे पैसे दिवसावर ठरत आणि व्हाउचरवर सही घेऊन हातात रोख दिले जात. ती व्हाउचरे निर्मात्याकडे राहत आणि कंपनी बंद पडली की नष्ट होत. कलावंताच्या बाजूने लिहिलेला हिशेब क्वचितच शिल्लक राहतो. त्या डायरीचे प्रत्येक पान आधी स्कॅन करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नोंदींत गाव, दिवस आणि भूमिका दिलेली असेल तर त्यावरून चित्रीकरण कोणते असेल हे त्या काळातील सहायक दिग्दर्शक किंवा स्थिर छायाचित्रकार आजही सांगू शकतील, आणि अशी माणसे कोल्हापुरात अजून आहेत.

मिरजेच्या भगिनींच्या बाबतीत मार्ग वेगळा आहे. मालिकांत पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात, पण ते बँकेतून येतात आणि त्यातून कर कापलेला असतो. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म 26 एएस मिळतो. त्यात कोणत्या वर्षी कोणत्या संस्थेने त्यांच्या पॅनवर किती कर कापला हे दिसते. निर्मितीसंस्थेचे नाव कळले की मालिका कळते. हा उतारा स्मरणिकेत छापायचा नाही, ती त्यांची खाजगी बाब आहे, पण आठवणींचा क्रम लावताना त्याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. त्याशिवाय वेशभूषा आणि केशभूषा विभागाची मंडळी प्रत्येक प्रसंगाआधी कलाकाराचे छायाचित्र काढून ठेवतात, म्हणजे पुढच्या चित्रीकरणात तीच साडी, तोच अंबाडा, तेच कुंकू राहते. ही छायाचित्रे दिनांकासह त्यांच्या फोनमध्ये असतात. मालिका संपल्यावर बहुतेक जण ती पुसून टाकतात. त्याआधी मागून घ्यावीत.

हरिपूर रस्ता (सांगली)

वरचे दोन्ही प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहेत. मी थोडे मागे जाऊन लिहितो, कारण या स्मरणिकेत सांगलीतील चित्रपटनिर्मितीचा आरंभ यायलाच हवा.

मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी 1918 मध्ये बलवंत संगीत मंडळी काढली. बोलपटांच्या लाटेत नाटक कंपन्यांचे उत्पन्न आटले तेव्हा दीनानाथांनी आणि कोल्हटकरांनी सांगलीत बलवंत पिक्चर्स उभी केली आणि 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट आला. त्यात दीनानाथ स्वतः होते आणि दिग्दर्शनात कोल्हटकरांबरोबर विश्राम बेडेकर होते, ज्यांचा पुढे चित्रपट-दिग्दर्शक आणि साहित्यिक म्हणून मोठा लौकिक झाला. कंपनी तोट्यात गेली. आशा भोसले यांचा सांगलीतील जन्म 1933 चा, म्हणजे याच धामधुमीतला. मंगेशकर कुटुंबाच्या सांगलीतील वास्तव्याबद्दल सगळे बोलतात, त्या चित्रपटामागच्या माणसांबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

चिंतामणराव कोल्हटकरांना नाटकाचे अभ्यासक ओळखतात. त्यांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्राला 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्यांचा उल्लेख आपल्या गावात मी एखाद्याच व्याख्यानात ऐकला असेन. नाटकातील नटाने चाळिशी ओलांडल्यावर नवे तंत्र हाती घ्यावे, त्यात पैसा बुडावा आणि तरी आयुष्याचा हिशेब एवढ्या स्वच्छ गद्यात मांडावा, यापेक्षा चांगला विषय स्मरणिकेला मिळणार नाही. त्यांच्यावरील लेख सर्वांत मोठा असावा असे माझे मत आहे.

मिरजेत 1905 मध्ये जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांनाही आपण केवळ गायिका म्हणून आठवतो. बाबुराव पेंटरांच्या ‘प्रतिभा’ (1937) मध्ये त्यांनी भूमिका केली होती. आणि आटपाडीजवळील स्वतंत्रपूरचे काय? औंध संस्थानाने तिथे कैद्यांची खुली वसाहत उभारली, ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाची कल्पना त्या प्रयोगावरून आली आणि कथा लिहिली ती त्याच मुलखातील, माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी. त्या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, शाळाशाळांतून त्यातील प्रार्थना म्हटली जाते. त्यातील कैद्यांपैकी उल्हास आणि बी. एम. व्यास यांना जुने प्रेक्षक ओळखतात. पॉल शर्मा, एस. के. सिंग, जी. इंगवले ही नावे मात्र श्रेयनामावलीतच राहून गेली. हे कलावंत आपल्या जिल्ह्याचे होते असा माझा दावा नाही. ज्या माणसांनी स्वतंत्रपूरची गोष्ट पडद्यावर जगून दाखवली, त्यांची नावे तरी आटपाडीवरील टिपणात सन्मानाने यावीत, एवढेच म्हणतो.

कारकीर्द लिहिताना ती चढत्या क्रमाने मांडण्याचा मोह टाळावा, असेही सुचवतो. मास्टर विठ्ठल 14 मार्च 1931 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक होते आणि त्याआधी मूकपटांतील साहसी नायक म्हणून त्यांचा केवढा दबदबा होता. पुढे त्यांनी मराठी चित्रपटांत अगदी लहान कामेही केली. ती कामे करणारा माणूस तोच होता आणि त्या कामांतही त्याचे कसब होते. उतरणीच्या काळातील भूमिका गाळून केवळ वैभवाचा काळ छापणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे. आपल्या टाइमकीपर गृहस्थांच्या बाबतीत उलटा मोह होईल, सहा भूमिका अपुऱ्या वाटून चाळीसचा आकडा मोठ्या टाइपात छापण्याचा. तोही टाळावा.

एक विनंती राहिली. कवलापूरच्या काळू-बाळूंना चित्रपटांच्या यादीत बसत नाहीत म्हणून वगळू नका. ग्रामीण चित्रपटांतील विनोदी हवालदार, सोंगाड्या, चुरचुरीत उत्तरे देणारी मावशी ही सगळी पात्रे तमाशाच्या फडातून आली आहेत आणि ‘जहरी प्याला’ या वगातील त्या जुळ्या भावांची जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

खटावचा (वडूज)

चर्चा स्मरणिकेपुरती आहे हे मान्य करूनही मिरजेच्या भगिनींबद्दल एक तातडीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांसाठी मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले असून 2024 पासून पूर्वीची वर्गवारी बंद होऊन सर्वांना दरमहा 5000 रुपये मानधन ठरले आहे. त्यासाठी वयाची 50 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत असावे लागते आणि कलेच्या क्षेत्रात किमान 15 वर्षे काम केल्याचे दाखवावे लागते. निवड जिल्हा समिती करते.

अडते ते 15 वर्षांवर. आमच्या भागातील एका वृद्ध कलावंताचा अर्ज पुरावा अपुरा म्हणून मागे पडला, आणि त्या माणसाला तर तीन पिढ्यांनी रंगमंचावर पाहिलेले होते. नाटकाच्या जाहिराती, स्पर्धांची प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, नाट्यसंस्थांची पत्रे, श्रेयनामावलीचे छायाचित्र यांपैकी जे मिळेल ते वर्षवार लावून द्यावे लागते. आपण स्मरणिकेसाठी जी नोंद तयार कराल तिची एक प्रत संदर्भासह त्या भगिनींना जरूर द्या. त्या या अटींत बसत असतील तर तोच कागदपत्रांचा संच त्यांना अर्जासाठी कामी येईल. म्हणून त्यांचे काम स्मरणिकेतील इतर सगळ्या नोंदींच्या आधी हाती घ्यावे असे मला वाटते.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खटावच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मिरजेच्या ताईंचे काम आम्ही आधी घेतले आहे. त्यांच्या फोनमधील छायाचित्रे दिनांकासह उतरवून घेतली. मालिकांचा क्रम लागला. नाट्यस्पर्धेची जुनी प्रमाणपत्रे त्यांच्या भावाच्या घरी निघाली, त्यांतील सर्वांत जुने 1989 चे आहे, त्यामुळे 15 वर्षांचा प्रश्न सुटेल असे दिसते.

तासगावच्या गृहस्थांच्या छायाचित्राबाबतही प्रगती झाली. नायिका आणि दिग्दर्शक ओळखता आले. त्यांनी एकत्र केलेल्या एका चित्रपटात, वेगळ्या नावाने प्रदर्शित झालेल्या, हे गृहस्थ चावडीच्या प्रसंगात पाटलाच्या उजव्या हाताला बसलेले स्पष्ट दिसतात. दोन वाक्ये बोलतात आणि दुसऱ्या वाक्याच्या आधी पाटलाकडे पाहून थांबतात. भाऊ असूनही मोठ्या भावाच्या शब्दाशिवाय बोलायचे नाही हे त्या थांबण्यातून कळते. ते दिग्दर्शकाने सांगितले असेल की त्यांना स्वतःला सुचले असेल, ठरवता येत नाही, परंतु नोंदीत आम्ही त्याचे वर्णन केले आहे. घरातील मंडळींनी तो प्रसंग कित्येक वर्षांत पाहिलेला नव्हता.

मसुदा असा केला आहे, कृपया पाहावा:

“जन्म व वास्तव्य तासगाव तालुका. साखर कारखान्यात टाइमकीपर. 1970 नंतरच्या दीड दशकात कोल्हापुरात तयार झालेल्या ग्रामीण चित्रपटांत चरित्र भूमिका. श्रेयनामावलीत नाव असलेले चित्रपट सहा. नाव नसले तरी पडद्यावर ओळख पटलेला एक. त्यांच्या डायरीत याखेरीज चित्रीकरणाच्या आणखी अकरा नोंदी असून त्यांचे चित्रपट निश्चित झालेले नाहीत. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार एकूण चित्रपट सुमारे चाळीस. पाटलाचा भाऊ, सावकाराचा कारकून, हवालदार या भूमिका त्यांच्या वाट्याला वारंवार आल्या. चावडीच्या प्रसंगातील त्यांचे काम विशेष पाहण्याजोगे आहे.”

चिंतामणराव कोल्हटकरांवरील लेख मोठा करण्याचे ठरले असून त्यासाठी ‘बहुरूपी’ची वाचनालयातील प्रत बाहेर काढली आहे. वाईवरील टिपणासाठी माहुलीकरांनी वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

मिरज जंक्शन (मिरज)

मसुदा उत्तम झाला आहे. दोनच दुरुस्त्या सुचवतो. चित्रपटांच्या नावांपुढे वर्ष देताना ते प्रमाणपत्राचे आहे की प्रदर्शनाचे, हे सर्वत्र सारखे ठेवावे. ग्रामीण चित्रपट तयार होऊनही वितरकाअभावी वर्ष-दोन वर्षे डब्यात पडून राहत, त्यामुळे दोन्हींत फरक पडतो आणि डायरीशी ताळा घेताना गोंधळ होतो. आणि त्या अकरा नोंदी मसुद्यात केवळ आकड्याने सांगू नका, दिनांक, गाव आणि भूमिका यांसह परिशिष्टात जशाच्या तशा छापा. त्या काळात त्यांच्याबरोबर काम केलेल्या कोणाच्या तरी हाती स्मरणिका पडेल आणि एखाद्या नोंदीपुढे चित्रपटाचे नाव लिहून पाठवता येईल.

माहुलीकर (सातारा)

वाईचे टिपण मी दिवाळीच्या आधी पाठवतो. मेणवलीतील दोन-तीन जणांशी बोलणे झाले असून त्यांच्यापैकी एकाने ‘स्वदेस’च्या वेळेपासून आजपर्यंत चित्रीकरणाला दिलेल्या बैलगाड्यांची आणि माणसांची वही ठेवलेली आहे. ती पाहायला रविवारी जातो आहे. कोणाला यायचे असेल तर कळवावे.